दातांच्या उपचारांसाठी परदेशातून बेळगावला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांतला एखादा तरी माणूस आज दुबई, मस्कत, लंडन किंवा न्यू जर्सीला असतो, आणि तो रजेवर आला की कुलदैवताचे दर्शन, शेताचा उतारा आणि दात ही तीन कामे उरकूनच परत जातो. पहिल्या दोन कामांत मला गती नाही. तिसऱ्याविषयी मात्र टिळकवाडीतल्या माझ्या दवाखान्यात आणि फोनवर, पुष्कळदा त्या माणसाच्या आईवडिलांमार्फत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

तिकडे चांगले डॉक्टर असताना माणसे दातांसाठी इकडे का येतात?

कागलकडचा माणूस कर्नाटकात पेट्रोल स्वस्त पडते म्हणून कोगनोळी ओलांडून टाकी भरून जातो, त्यातलाच हा प्रकार आहे, आणि सीमेवर राहणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जगातही तो नवा नाही. अमेरिकेच्या सीमेला लागून मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचे छोटेसे गाव आहे; तेथे शेकडो दंतवैद्य दुकाने मांडावीत तसे दवाखाने मांडून बसले आहेत आणि अमेरिकेतले निवृत्त लोक गाडी सीमेवर लावून चालत पलीकडे जातात. ऑस्ट्रियातले लोक याच कारणासाठी हंगेरीतल्या शोप्रोनला जातात.

याचे मूळ विम्यात आहे. अमेरिकेत वयस्कांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी योजना तिच्या मूळ स्वरूपात दातांचा नेहमीचा खर्च उचलत नाही, आणि नोकरीतून मिळणाऱ्या दातांच्या विम्याला बहुधा वर्षाला १,००० ते २,००० डॉलरची कमाल मर्यादा असते, जी एका दाढेच्या रूट कॅनॉल आणि कॅपमध्ये संपून जाते. आखातातल्या साध्या विम्यात दात बहुतेक वेळा वगळलेलेच असतात. इंग्लंडची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील सरकारी सेवेत कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा कवळी ज्या वरच्या पट्ट्यात मोडते, त्या पट्ट्यात संपूर्ण उपचारक्रमासाठी एकच ठरावीक रक्कम घेतली जाते (एप्रिल २०२५ मध्ये ती ३२६.७० पौंड होती). त्यामुळे ज्याला सरकारी सेवेतला डॉक्टर मिळाला आहे आणि तीन-चार कॅप बसवायच्या आहेत, त्याने विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. अडचण असा डॉक्टर मिळण्याचीच असते. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, मात्र त्या सेवेत क्वचितच बसते.

जर्मनीत असलेल्यांसाठी एक सूचना. तेथील सरकारी विमा कॅप-ब्रिजच्या मान्य खर्चापैकी ६० टक्के देतो, आणि सलग ५ वर्षे दरवर्षी तपासणी केल्याची नोंद वहीत असेल तर ७०, १० वर्षांची असेल तर ७५ टक्के देतो. गावी स्वस्तात काम होते म्हणून तिकडची वार्षिक तपासणी बुडवणारे लोक ही सवलत गमावून बसतात आणि ते त्यांना फार उशिरा कळते.

इकडे स्वस्त पडते ते नेमके कशामुळे? कमी दर्जामुळे तर नव्हे?

दवाखान्याची जागा, मदतनिसांचा पगार, लॅबमधल्या कारागिराची मजुरी आणि डॉक्टरच्या स्वतःच्या शिक्षणाचा व विम्याचा खर्च या सगळ्या गोष्टी येथे कमी आहेत. फरक मुख्यत्वे तेथे पडतो. सामानाच्या किमतीत तितका फरक नसतो. स्वित्झर्लंड किंवा स्वीडनच्या नामवंत कंपनीचा इम्प्लांटचा स्क्रू बेळगावातल्या डॉक्टरलाही महागच पडतो. म्हणून कोणी सगळ्यांत उंची कंपनीचे नाव घेऊन सगळ्यांत खालचा दर सांगत असेल, तर त्या दोहोंपैकी एक गोष्ट खरी नाही असे समजायला हरकत नाही. कोरियन आणि इस्रायली कंपन्यांचे इम्प्लांट मधल्या दरात मिळतात, ते भरपूर वापरात आहेत आणि मीही ते वापरतो.

आकडेच हवे असतील तर, बेळगावसारख्या शहरात दाढेचे रूट कॅनॉल साधारणपणे ३,००० ते ६,००० रुपयांत, झिरकोनियाची (दाताच्या रंगाच्या टणक सिरॅमिकची) कॅप ६,००० ते १२,००० रुपयांत आणि त्यावर बसणाऱ्या दातासह एक इम्प्लांट ३०,००० ते ५०,००० रुपयांत होते. अशाच एका इम्प्लांटला अमेरिकेत साधारण ३,००० ते ५,००० डॉलर आणि इंग्लंडमध्ये खासगीत २,००० ते ३,००० पौंड पडतात. तरीही केवळ एका रूट कॅनॉलसाठी तिकीट काढून येणे आतबट्ट्याचे ठरते. आपण गावी येणारच असाल, तर त्या येण्यातच दातांचे काम उरकून घ्यावे. दातांसाठीच यायचे असेल, तर काम मोठे हवे आणि दुसऱ्या खेपेचे तिकीटही हिशेबात धरलेले हवे.

तीन आठवड्यांच्या रजेत काय होते आणि काय होत नाही?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो लोक सर्वांत शेवटी, बहुधा खुर्चीतून उठता उठता विचारतात.

दात साफ करणे, किडलेल्या दातात सिमेंट भरणे, सुजलेली अक्कलदाढ काढणे ही कामे कोणत्याही रजेत बसतात. रूट कॅनॉलला एक ते तीन खेपा लागतात. मुळाशी पू झालेला असेल तर औषध भरून आठवडाभर दाढ शांत होऊ द्यावी लागते आणि मगच ती कायमची बंद करता येते. त्यानंतर कॅपचे माप जाते, लॅबमधून कॅप यायला चार ते सात दिवस लागतात, आणि ती बसवल्यावर दोन-चार दिवस जेवून पाहावे लागते, कारण चावताना उंच लागणारी कॅप खुर्चीत कळत नाही, भाकरी चावताना कळते. म्हणजे एका दाढेच्या साध्या कामाला, काही अडले नाही तर, दोन आठवडे धरावेत. तीन आठवड्यांची रजा असेल आणि पहिला आठवडा पाहुण्यांकडे गेला, तर हे काम घाईचे होते. याच कारणाने मी परदेशातून आलेल्या माणसाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच दवाखान्यात बोलावतो. लग्न असो वा जत्रा, दात आधी.

दात काढून त्या जागी ब्रिज बसवायचा असेल, तर जखम भरून हिरडी स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी बसवलेल्या ब्रिजच्या खाली पुढे फट पडते आणि तीत अन्न अडकते. सगळे दात काढून लगेच कवळी देता येते, पण जबड्याचे हाड पुढचे काही महिने झिजत राहते, आणि ती कवळी सैल झाली की आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. तारा लावून दात सरळ करण्याचे काम दीड-दोन वर्षांचे असून त्याला दर महिन्याची देखरेख लागते. ते जेथे राहता तेथेच करावे.

पायरियाचे खोल उपचार करून घेतले, तर चार ते सहा आठवड्यांनी हिरडीची पुन्हा तपासणी लागते. ही तपासणी तिकडच्या डॉक्टरकडे करून घेता येते, मात्र तसे आधी ठरवून यावे.

एकाच खेपेत इम्प्लांट आणि त्यावरचा दात, दोन्ही होतील का? 'तीन दिवसांत दात' अशा जाहिराती दिसतात.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरते ही गोष्ट स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रानेमार्क यांच्या १९५२ मध्ये सशांच्या हाडांवरच्या प्रयोगांत लक्षात आली, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. हाडाने स्क्रू धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तेथील हाड पोकळ व मऊ असल्यामुळे, चार ते सहा महिने लागतात. हाड कमी असून ते भरावे लागले, तर मुदत आणखी वाढते. ही मुदत डॉक्टरच्या हुशारीने कमी होत नाही. भात लावला आणि आठवड्यात कापला असे होत नाही, हे खानापूरकडच्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

त्याच दिवशी किंवा तीन दिवसांत दात देण्याची पद्धत खरी आहे, पण ती निवडक रुग्णांसाठी आहे. हाड भरपूर आणि टणक असावे लागते, बहुतेक वेळा अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडलेले असावे लागतात, आणि पहिला दात तात्पुरता असून कायमचा दात काही महिन्यांनी बसवायचा असतो. जाहिरातीत 'तात्पुरता' हा शब्द लहान अक्षरांत असतो किंवा नसतोच. एकुलत्या मागच्या दाढेच्या जागी तीन दिवसांत कायमचा दात देतो असे कोणी म्हणत असेल, तर तो आपली रजा पाहून बोलतो आहे, आपले हाड पाहून नव्हे.

म्हणून इम्प्लांटचे काम दोन खेपांत आखावे. डिसेंबरात स्क्रू बसवावा आणि पुढच्या मे महिन्यात किंवा त्यानंतरच्या रजेत येऊन स्क्रूवरचा दात लावून घ्यावा. पहिल्या खेपेतही स्क्रू बसवण्याचा दिवस रजेच्या सुरुवातीला धरावा. परतीच्या आधीच्या दहा दिवसांत मी कोणाही पाहुण्याचे इम्प्लांटचे ऑपरेशन करत नाही. टाके काढायला आणि सूज पाहायला माणूस समोर असावा लागतो.

गणपतीत यावे, दिवाळीत यावे की मे महिन्यात?

दातांच्या दृष्टीने गणपती हा सर्वांत गैरसोयीचा काळ आहे. चतुर्थीच्या आसपास लॅबमधले कारागीर गावी जातात, विसर्जनाच्या दिवशी शहरातले रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळे होत नाहीत, आणि बाहेरगावच्या लॅबला पाठवलेले माप कुरिअरमध्ये अडकते. शिवाय ऐन सणात मोदक समोर असताना तात्पुरत्या कॅपला जपणे कोणालाच जमत नाही. दिवाळीचा आठवडा तसाच जातो. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मे महिना बरा, पण लग्नसराईमुळे दवाखान्यात गर्दी असते, त्यामुळे दिवस आधी ठरवून घ्यावेत. जुलै-ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत येणाऱ्या आखातातल्या कुटुंबांनी गोव्याला उतरून चोर्ला घाटाने येण्याजाण्याचे बेत पावसाचा अंदाज घेऊनच करावेत. परतीच्या सकाळी टाके काढून दुपारी विमान गाठण्याची योजना त्या घाटात हमखास फसते.

निघण्यापूर्वी काय पाठवावे?

संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो तिकडे काढून पाठवला तर अर्धे काम घरबसल्या होते. त्याच्या जोडीला चालू औषधांची संपूर्ण यादी हवी. मोबाइलवर तोंड उघडून काढलेले फोटो प्रेमाने पाठवले जातात, पण त्यांतून फारसे कळत नाही. एक्स-रे पाहून दिलेला खर्चाचा आकडाही अंदाजच असतो. प्रत्यक्ष तपासणीनंतर तो बदलू शकतो आणि बदलला तर का बदलला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

येथे एक घोटाळा सांगतो, कारण तो अमेरिकेहून आलेल्या कागदांत नेहमी होतो. दातांना क्रमांक देण्याची पद्धत सगळीकडे एक नाही. आम्ही जिला ३६ म्हणतो ती खालची डावी पहिली दाढ अमेरिकेत १९ असते, आणि वरची उजवी पहिली दाढ आमच्याकडे १६ तर तिकडे ३ असते. त्यातही १६ हा क्रमांक अमेरिकन पद्धतीत वरच्या डाव्या अक्कलदाढेचा आहे. त्यामुळे फोनवर 'सोळा नंबरची दाढ काढायला सांगितली आहे' असे कोणी म्हटले की मी आधी कोणत्या देशातला सोळा, असे विचारतो. क्रमांकाबरोबर 'वरची', 'खालची', 'डावी', 'उजवी' हे शब्द लिहून घ्यावेत.

डॉक्टर कसा निवडावा? डेंटल कॉलेजला गेलेले चालेल का?

दंतवैद्यकाची पदवी म्हणजे बीडीएस, आणि त्यावर तीन वर्षांचे विशेष शिक्षण म्हणजे एमडीएस. एमडीएसच्या शाखा वेगळ्या असतात: रूट कॅनॉलचा तज्ज्ञ वेगळा, हिरड्यांचा वेगळा, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा, कृत्रिम दातांचा वेगळा. साधे काम कोणताही अनुभवी बीडीएस डॉक्टर उत्तम करतो. मोठे काम असेल तर त्यात कोण कोण असणार आहे हे विचारावे. राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असणे कायद्याने आवश्यक आहे आणि नोंदणी क्रमांक विचारल्याचा राग चांगल्या डॉक्टरला येत नाही.

बेळगावात केएलईचे विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय अशी दोन जुनी महाविद्यालये आहेत. तेथे खर्च कमी येतो, प्रत्येक पायरी प्राध्यापक तपासतात, आणि एकाच छताखाली सगळ्या शाखा मिळतात. पण काम विद्यार्थ्यांच्या हातून आणि त्यांच्या वेळापत्रकाने होते. गावातच राहणाऱ्या आईवडिलांसाठी ही सोय उत्तम आहे. परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाचा मात्र तेथे जीव टांगणीला लागतो.

सीमाभागातल्या मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट. केसपेपर बहुधा इंग्रजीत असतात, पण संमतीपत्र काही ठिकाणी कन्नडमध्ये छापलेले असते. वाचता येत नसेल, तर सही करण्यापूर्वी ते मराठीत किंवा इंग्रजीत समजावून मागावे. यात भाषेचा वाद काढण्याचे कारण नाही. न समजलेल्या कागदावर सही करू नये, इतकेच.

अवजारे स्वच्छ आहेत हे कसे ओळखावे?

अवजारांची पाकिटे आपल्यासमोर फोडायला सांगावीत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला साधारण पंधरा-वीस मिनिटे किंवा १३४ अंशाला काही मिनिटे दाबाखालच्या वाफेत अवजारे निर्जंतुक होतात, आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग त्यात बदलतो. बदललेला रंग आणि न फुटलेले पाकीट, एवढे पाहिले तरी पुरे. उकळत्या पाण्याचे भांडे दिसले तर उठून यावे.

विमानप्रवासाने दातांना त्रास होतो का?

होऊ शकतो. विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीवरची नसते. ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, त्यामुळे दातात किंवा सायनसमध्ये (वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडात असलेल्या पोकळीत) अडकलेली हवा फुगते आणि ठणका लागतो. हा धडा मी माझ्याच चुकीने शिकलो. माझ्या मामेभावाच्या दाढेचे रूट कॅनॉल, 'अरे, पुढच्या वर्षी पूर्ण करू' या त्याच्या आग्रहाला बळी पडून, मी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धवट ठेवून वरून तात्पुरते सिमेंट भरले. विमान वर गेल्यावर त्याला जो ठणका लागला, तो खाली उतरेपर्यंत थांबला नाही, आणि तिकडे पोहोचल्यावर त्याने त्याच दाढेसाठी इकडच्या दहापट पैसे मोजले. तो आजही माझ्याशी बोलतो, हा त्याचा मोठेपणा.

साधा दात काढल्यावर निदान दोन दिवस प्रवास टाळावा. त्यातही जागा कोरडी पडून होणारे तीव्र दुखणे दात काढल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होते, तेव्हा पाच-सहा दिवस हाताशी ठेवले तर उत्तम. वरच्या जबड्यात सायनसचा तळ उचलून हाड भरले असेल, तर किमान दोन आठवडे विमानात बसू नये आणि नाकही जोरात शिंकरू नये.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल, हाडांच्या गोळ्या चालू असतील, तर काय करावे?

साखर नियंत्रणात असलेल्या माणसाला दातांचे सगळे उपचार घेता येतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) येण्यापूर्वी करून आणावी. आकडा ८ टक्क्यांच्या वर असेल तर इम्प्लांट पुढे ढकललेले बरे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. शेजारच्या काकांनी दात काढताना बंद केल्या होत्या हे कारण पुरेसे नाही. आपल्या हृदयाच्या डॉक्टरचा लेखी सल्ला आणावा.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शन हे लोक औषधांच्या यादीत लिहायलाच विसरतात, कारण ते रोजचे नसते. परदेशात राहणाऱ्या साठीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये हे औषध बरेच आढळते. ते चालू असताना दात काढला, तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडे पडते. हे आधी कळले पाहिजे.

आणि तंबाखू. निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातली किती घरे उभी राहिली हे मी जाणतो, पण तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि इम्प्लांट फसण्याचे प्रमाण वाढते. विचारले की पुरुष सिगारेट कबूल करतात. बायका मिशरी कबूल करत नाहीत, कारण ती त्यांच्या लेखी व्यसन नसून दात घासणे असते. शारजात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका आक्कांच्या पर्समध्ये गावाहून नेलेल्या मिशरीची डबी निघाली तेव्हा त्यांची सून माझ्याकडे पाहत राहिली. डबी बंद झाली, हिरड्या सुधारल्या, आणि इम्प्लांट वर्षभराने बसवले.

लग्नापूर्वी सगळे दात पांढरेशुभ्र करून मिळतील का?

रंग उजळवण्याचे साधे उपचार मिळतात आणि त्यांनी निरोगी दाताला इजा होत नाही. काही दिवस थंड-गरम लागते एवढेच. पण समोरचे वीस-वीस निरोगी दात खुंटांसारखे घासून त्यांवर कॅप चढवण्याची जी पद्धत तुर्कस्तानातल्या सहलींमुळे प्रसिद्ध झाली, तिला माझा सरळ विरोध आहे. घासलेला दात परत येत नाही. कॅप दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे मरते, आणि पंचविशीतल्या मुलाच्या नशिबी आयुष्यभराचा खर्च येतो. असे काम बेळगावात कोणी स्वस्तात करून देत असेल, तरीही घेऊ नये.

कोणते कागद बरोबर न्यावेत?

तीन वर्षांपूर्वी मस्कतहून आलेल्या एका गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून टिश्यू पेपरात गुंडाळलेली दाढ काढून माझ्या टेबलावर ठेवली. इम्प्लांटवरची ती दाढ आतला पेच सैल होऊन निघाली होती. पेच आवळणे हे वीस मिनिटांचे काम; पण प्रत्येक कंपनीच्या पेचाचे डोके वेगळे असते, मस्कतच्या डॉक्टरकडे होते त्यांपैकी एकही पेचकस त्यात बसला नव्हता, आणि इम्प्लांट कोणत्या कंपनीचे आहे हे ज्यांनी ते बसवले त्या दवाखान्याच्या एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. तो दवाखाना एव्हाना बंद झाला होता. मीही एक्स-रेमधल्या आट्यांच्या आकारावरून अंदाज बांधत आणि विक्रेत्यांना फोटो पाठवत राहिलो, तेव्हा चौथ्या दिवशी योग्य पेच हाती लागला.

इम्प्लांटच्या डबीत कंपनीचे नाव, माप आणि बॅच क्रमांक छापलेले चिकटपत्र असते. ते आपल्या कार्डावर चिकटवून मागावे. त्याला एक पैसा पडत नाही. रूट कॅनॉलचा आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, कॅप कशाची आहे, कोणत्या दिवशी काय केले याचा इंग्रजी सारांश आणि त्रिमितीय स्कॅन काढला असेल तर त्याच्या मूळ फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. स्कॅनचा मोबाइलवर काढलेला फोटो तिकडच्या डॉक्टरच्या काही उपयोगाचा नसतो.

परत गेल्यावर काम बिघडले तर दाद कोठे मागावी?

आधी डॉक्टरला कळवावे. बहुतेक गोष्टी तेवढ्यावर मिटतात. 'दहा वर्षांची गॅरंटी' हे शब्द स्क्रू बदलून देण्यापुरते असतात, त्यात तिकीट आणि बुडालेली रजा येत नाही, म्हणून ती गॅरंटी लेखी घेऊन तीत काय येते ते वाचावे. तिकडचे डॉक्टर दुसऱ्याने केलेल्या कामात हात घालायला नाखूश असतात, हेही धरून चालावे.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. सध्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती ऑनलाइनही दाखल होते. मात्र पावती नसेल तर सगळेच लंगडे पडते. दहा टक्के कमी करतो, पावती नको, या बोलण्याला भुलू नये.

व्हिसाचे काय?

भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असेल तर प्रश्नच नाही. परदेशी नागरिक असलेल्या जावयाला किंवा सुनेला उपचारच घ्यायचे असतील, तर ई-मेडिकल व्हिसा काढावा; तो पहिल्यांदा दाखल झाल्यापासून ६० दिवसांचा असतो आणि त्यावर तीन वेळा येता येते.

आईवडील सहा महिन्यांसाठी मुलाकडे जाणार आहेत. त्यांच्या दातांचे काय?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवा. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या प्रवास विम्यात दातांसाठी जे असते, ते अचानक उठलेली कळ थांबवण्यापुरते. आधीपासून किडलेली दाढ त्यात येत नाही. तिकडे दाढ ठणकली की मुलगा पैसे भरतो, वडील ते पैसे रुपयांत मोजतात आणि पुढे गोळ्या खाऊन दिवस काढतात. म्हणून तिकीट काढल्यावर लगेच, निदान दोन महिने आधी, दोघांचीही तपासणी करून घ्यावी. हलणारा दात, अर्धवट रूट कॅनॉल, सैल कवळी जे असेल ते येथेच पुरे करावे, आणि कवळी असेल तर जुनी कवळी टाकून न देता दुसऱ्या बॅगेत ठेवावी, म्हणजे नवी तिकडच्या बेसिनमध्ये पडून फुटली तरी जेवणाचे अडत नाही.